वारा सरला का?

(द्वितीय वर्ष, कला)

विषय जरा संकोचाचा आहे. वार्षिक अंकासाठी लेख मागविल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा मैत्रिणींनी सहलीची वर्णने लिहिली, कोणी कविता दिल्या. मी पोटातल्या वाऱ्यावर लिहिणार म्हटल्यावर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. एक वर्षापूर्वी मीही हसले असते. गुरुजनांनी क्षमा करावी. पण ज्या विषयाची लाज वाटल्यामुळे माझ्या आजोबांच्या जिवावर बेतले, त्याविषयी लाज न बाळगता लिहावे असे मी ठरविले आहे.

आमचे गाव सांगोला तालुक्यात. आजोबांना आम्ही आबा म्हणतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये, ऐन ज्वारीच्या काढणीत, त्यांचे पोट फुगू लागले. दोन दिवस त्यांनी कोणाला सांगितलेच नाही. तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखे ताणले, तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना जीपमध्ये घालून शहरात आणले. मी शहरात वसतिगृहावर राहते, म्हणून दिवसा आबांजवळ मी आणि रात्री दादा, अशी वाटणी झाली. आई गावी गुरांपाशी राहिली.

आबांच्या मोठ्या आतड्याला पीळ पडला होता. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला असतो. काही माणसांत तो फार लांब व सैल असतो आणि स्वतःभोवतीच फिरून बसतो. सुंभाला पीळ घातला की मधली वाट बंद होते, तसेच हे. पुढे रक्तही पोहोचेनासे होते. म्हाताऱ्या माणसांत हा विकार अधिक आढळतो. डॉक्टरांनी आधी दुर्बिणीची नळी घालून पीळ सोडवून पाहिला. तो सुटला नाही. मग रात्रीच पोट उघडले. काळवंडू लागलेला दीड फुटाचा तुकडा काढून त्यांनी दोन टोके एकमेकांना शिवली.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एक तरुण डॉक्टर येत आणि प्रथम एकच प्रश्न विचारीत, "आजोबा, वारा सरला का?"

आबा भिंतीकडे तोंड करीत. डॉक्टर गेले की पुटपुटत, "काय इचारत्यात ही माणसं! नातीदेखत!"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले, तेव्हा दादा चपला घालत म्हणाले, "आजून काय न्हाई. प्वाट तसंच हाय." थोड्या वेळाने डॉक्टर आले. नेहमीचा प्रश्न झाला. आबा ठामपणे म्हणाले, "व्हय, सरला की. दोनदा." मला ठाऊक होते की हे खरे नाही. पण मी खाली बघत राहिले. डॉक्टरांनी कागदावर 'फ्लेटस पास्ड' असे लिहिले. तो इंग्रजी शब्द मी प्रथमच पाहत होते, तरी त्याचा अर्थ मला कळला. घरातली पहिली कॉलेजात गेलेली मुलगी म्हणून मला तिथे बसविले होते आणि मी गप्प बसले.

आबांना चहा मिळाला, दुपारी पातळ पेज मिळाली. त्यांना वाटले, आता घरी सोडतील. संध्याकाळी पोट पुन्हा टम्म झाले, उचक्या लागल्या आणि रात्री हिरवी उलटी झाली. पोट फुगलेले, माणूस उताणा आणि अंगात त्राण नाही, अशा वेळी उलटीचा अंश श्वासनळीत गेला तर फुप्फुसे धरतात आणि म्हातारा माणूस दगावू शकतो. दादांनी वेळीच आबांना कुशीवर वळविले, म्हणून ते वाचले. हे सर्व मला नंतर मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. ते रागावले नाहीत. "तुम्हाला कोणी सांगितलंच नाही की हे का विचारतो," एवढेच म्हणाले. पुढचे काही दिवस त्यांच्याकडून आणि आमच्या ग्रंथालयातील शरीरशास्त्राच्या पुस्तकांतून मी जे समजून घेतले, ते पुढे देत आहे.

आपले लहान आतडे सुमारे सहा मीटर आणि मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. ही नुसती नळी नाही. ती सतत चालणारी आहे. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या लंडनमधील दोन शास्त्रज्ञांनी, जे नात्याने मेहुणे होते, १८९९ मध्ये कुत्र्याच्या आतड्यावर प्रयोग करून दाखविले की आत घास आला म्हणजे त्याच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा सैल पडतो. त्यामुळे घास पुढेच सरकतो. बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी हे चालू राहते. कारण आतड्याच्या भिंतीतच कोट्यवधी मज्जापेशींचे स्वतःचे जाळे आहे. आतड्याला स्वतःची अक्कल आहे, असे म्हटले तरी चालेल.

या नळीत केवळ आपण खाल्लेले अन्न नसते. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे पाझर मिळून रोज सुमारे सात लिटर द्रव तिच्यात उतरतो. म्हणजे पाण्याची पाऊण कळशीच. निरोगी माणसात तो जवळजवळ सगळा पुन्हा रक्तात शोषला जातो. शिवाय बोलताना, गिळताना आपण हवाही गिळतो. चालते आतडे ही हवा पुढे ढकलून बाहेर घालविते. आतडे थांबले, की काही खाल्ले नाही तरी द्रव आणि हवा जागच्या जागी साठतात. पोट फुगते ते यामुळे. आबा म्हणत होते, "पोटात कन न्हाई, मग फुगतंय कशानं?" त्यांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

शस्त्रक्रियेनंतर आतडे थांबते का? एक कारण म्हणजे हात लागणे. शस्त्रक्रियेत आतडी बाहेर काढावी लागतात, चाचपावी लागतात. काही तासांत त्यांच्या स्नायूंच्या थरात पांढऱ्या पेशी जमतात, सूज येते आणि सुजलेला स्नायू नीट आवळत नाही. दुसरे कारण नसांचे. संकट आले की शरीर जी यंत्रणा जागी करते, ती हृदय जोरात चालविते, पण आतड्याला थांबविते. पोटाची चिरफाड हे शरीराच्या दृष्टीने मोठेच संकट. तिसरे कारण औषधांचे. भूल आणि अफूच्या कुळातील वेदनाशामके आतड्याला सुस्त करतात. अफूने जुलाब बांधतात हे आपल्या जुन्या माणसांना ठाऊकच होते. तोच गुण इथे आडवा येतो. चौथे कारण क्षारांचे. रक्तातील पोटॅशियम कमी झाले की स्नायू ढिले पडतात. आबा रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेत. तीमुळे आधीच पोटॅशियम कमी होते, उलटीने आणखी घटले. ते शिरेतून भरून काढावे लागले.

आतड्याचे सगळे भाग एकाच वेळी जागे होत नाहीत. लहान आतडे बहुधा पहिल्या दिवसातच हालचाल सुरू करते, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठे आतडे सर्वांत शेवटी, तीन दिवसांच्या आसपास किंवा त्याहून उशिरा उठते. वारा सरणे म्हणजे शेवटचा पहारेकरीही जागा झाल्याची खूण. म्हणून तो प्रश्न. तो थट्टेचा नाही की असभ्यपणाचा नाही.

इथे एक खुलासा केला पाहिजे. आता पुष्कळ ठिकाणी वारा सरण्याची वाट न बघता शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशीच पाणी व हलके अन्न देतात आणि ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत ते बहुतेकांना सोसते. डेन्मार्कमधील हेन्रिक केलेट या शल्यचिकित्सकांनी १९९० नंतरच्या दशकात या विचाराची पद्धतशीर मांडणी केली. रोग्याला फार वेळ उपाशी ठेवू नये, अफूजन्य औषधे शक्य तितकी कमी वापरून वेदना आटोक्यात ठेवाव्यात, शिरेतून पाणी बेताने द्यावे, नळ्या लवकर काढाव्यात आणि त्याला लवकर उठवावे. या सर्व गोष्टी एकत्र केल्यावर मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आठ-दहा दिवसांचा मुक्काम त्यांच्याकडे दोन-तीन दिवसांवर आला. पण आबांची शस्त्रक्रिया तातडीची होती आणि आतडे आधीच ताणलेले, सुजलेले होते. अशा वेळी डॉक्टर रोग्याच्या पोटाकडे आणि रोग्याच्या शब्दाकडे बघून ठरवितात. आबांचा शब्द खोटा होता आणि तो खोडून काढणारी मी गप्प होते.

त्या रात्री आबांच्या नाकातून जठरात नळी घातली. आपल्याकडील इस्पितळांत तिला राइल्स ट्यूब म्हणतात. बघताना जीव कळवळतो, पण तिच्यातून दीड लिटरच्या आसपास हिरवट पाणी निघाले आणि तासाभरात आबांचा श्वास मोकळा झाला. आतडे अडलेल्या रोग्यांत असे सतत शोषण केले तर पोटाचा ताण उतरतो, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे शल्यचिकित्सक ओवेन वॅंगेनस्टीन यांनी १९३० नंतरच्या दशकात दाखवून दिले आणि अनेकांचे प्राण त्यामुळे वाचले. पूर्वी ही नळी पोटाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर ठेवीत. आता ती गरजेपुरतीच, म्हणजे उलट्या व फुगी असेल तेव्हाच घालतात.

आमच्या संस्कृतच्या सरांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी मला सुश्रुतसंहिता दाखविली. तिच्यात पोट मोठे होण्याच्या विकारांना 'उदर' म्हटले असून त्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी आतडे अडल्याने होणाऱ्या प्रकारात पोट चिरावे, आतड्यातील अडथळा काढावा, आणि आतडे फुटले असेल तिथे काळ्या मुंग्यांकडून कडा चावून घेऊन त्यांची डोकी तशीच ठेवावीत, असे वर्णन आहे. मला विशेष वाटले ते पुढच्या भागाचे. शस्त्रक्रियेनंतर रोग्याला वारा न लागणाऱ्या खोलीत ठेवावे, तेलाच्या किंवा तुपाच्या द्रोणीत बसवावे आणि केवळ दुधावर राखावे, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे पोट शिवले की काम संपले नाही, हे त्या काळच्या वैद्यालाही ठाऊक होते.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत अधिक सावध का राहावे, हेही सांगते. एक तर त्यांचे आतडे मुळात मंद असते, औषधे अनेक चालू असतात आणि अंगात साठा कमी असतो. काही दिवस अंथरुणावर पडून राहिले तरी त्यांच्या मांड्यांचे मांस झडते. दुसरे असे, की त्यांचे दुखणे मोठ्याने बोलत नाही. आतड्याची शिवण सुटून घाण पोटात पसरली तर तरुण माणसाला सडकून ताप येतो, पोट फळीसारखे कडक होते. म्हाताऱ्याला ताप येईलच असे नाही. कधी फक्त नाडी जलद होते, कधी तो जेवण नाकारतो, कधी असंबद्ध बोलू लागतो. उलटीच्या त्या रात्री आबा दादांना विचारीत होते, "सर्जाला वैरण टाकली का?" सर्जा हा आमचा बैल, तो जाऊन कित्येक वर्षे झाली. आम्हाला वाटले, म्हातारपणाचा भ्रम. डॉक्टरांनी मात्र ते गंभीरपणे घेतले, रक्त तपासले आणि पाचव्या दिवशी सीटी स्कॅन करून शिवण शाबूत असल्याची खात्री केली. म्हातारा माणूस अचानक बरळू लागला तर ते वय नसून दुखणे असू शकते, हे मी तिथे शिकले.

शिवाय ही माणसे सांगत नाहीत. आबा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले. "दुखतंय का?" विचारले की "न्हाई" हेच उत्तर. पण दुखणे दाबून ठेवले की माणूस खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, उठत नाही; मग छातीत कफ साठतो आणि पायांच्या शिरांत रक्त गोठते. दुखणे सांगणे हा नाजूकपणा नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

चौथ्या दिवसापासून आबांना चालवायला सांगितले. पोटाला उशी धरून, एका हाताने सलाइनचा स्टँड ढकलत ते माझ्या खांद्यावर भार टाकून चालत. चालल्याने आतडे लगेच जागे होतेच, असे पक्के सिद्ध झालेले नाही. पण फुप्फुसे, पाय आणि मन यांना त्याचा निश्चित उपयोग होतो. काही ठिकाणी रोग्याला च्युइंग गम चघळायला देतात. तोंड हलले की जेवण येत असल्याची वार्ता आतड्याला पोहोचते, अशी त्यामागची कल्पना. तिचा गुण काही अभ्यासांत दिसला, काहींत फारसा नाही. आबांचे दात पडलेले असल्याने तो प्रश्न आमच्यापुढे आला नाही.

पोट फुगण्याचे प्रत्येक कारण आतडेच असते असेही नाही. शेजारच्या खाटेवरील एका वृद्ध गृहस्थांचे ओटीपोट फुगले आणि ते तळमळू लागले. त्यांची लघवी तुंबली होती. नळी घालताच पोट बसले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, त्याचाही थोडा फुगवटा राहतो. तो काही दिवसांत जिरतो. घरी आल्यावर काही आठवडे जेवल्यानंतर पोट जड वाटणे, संध्याकाळी धोतर घट्ट होणे हे बहुतेकांना होते. त्याला घाबरू नये. आबांना थोडे थोडे, पाच-सहा वेळा खायला सांगितले होते. मऊ भात, पातळ वरण, ताक, शिजवलेला दुधी. हरभरा, मटकी, कोबी पहिले काही आठवडे बंद. मग एकेक पदार्थ वाढवीत नेला. दीड महिना जड उचलायचे नाही, कारण बाहेरची जखम भरली तरी आतला थर कच्चा असतो आणि तिथून आतडे बाहेर डोकावू लागते. उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर टाक्याजवळ गोळा दिसला आणि निजल्यावर गेला, तर तो हर्निया समजून डॉक्टरांना दाखवावा.

काही खुणा मात्र अशा आहेत की सकाळची वाट पाहू नये. फुगी आणि दुखणे दर तासाला वाढणे, हिरवी उलटी, वारा व शौच दोन्ही बंद होणे, ताप किंवा हुडहुडी, दम लागणे, एक पोटरी सुजणे, लघवी न होणे, जखमेतून पू येणे, आणि माणूस अचानक भ्रमिष्ट होणे. यांपैकी एक जरी दिसली तरी इस्पितळ गाठावे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आत चिकटलेले पदर पुढे कित्येक वर्षांनीही आतडे अडवू शकतात. म्हणून जुना टाका असलेल्या माणसाच्या पोटात कळा, फुगी व उलटी एकत्र आली तर ओवा चावून थांबू नये.

आता आबांचे. सहाव्या दिवशी दुपारी आम्ही व्हरांड्यात चालत होतो. खिडकीपाशी आबा थबकले. मला वाटले चक्कर आली. त्यांनी माझ्याकडे न बघता बाहेर बघत सांगितले, "सांग तुझ्या डाक्टरला. सरला म्हनावं." मी धावत जाऊन सिस्टरांना सांगितले. इतक्या मोठ्याने सांगितले की सगळा वॉर्ड हसला. आबाही हसले आणि हसताना टाका दुखला म्हणून पोट धरून खाली बसले. दुसऱ्या दिवशी नळी निघाली. दहाव्या दिवशी आम्ही गावी गेलो. त्या मुक्कामाच्या खर्चापायी आईच्या दोन शेळ्या गेल्या. त्यांतले किती दिवस माझ्या गप्प बसण्याने वाढले, असे मी मोठ्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, आतडे बहुधा तसेही रेंगाळलेच असते. पण ती उलटी टळली असती.

आपल्यापैकी बरेच जण घरातले पहिले शिकलेले आहेत. घरी कोणी आजारी पडले की कागद वाचायला, डॉक्टरांशी बोलायला आपल्यालाच पुढे करतात. तिथे इंग्रजी येण्यापेक्षा एक गोष्ट अधिक लागते. जे डोळ्यांनी पाहिले ते साध्या मराठीत, न लाजता सांगता आले पाहिजे. आणि डॉक्टरांनी काही विचारले तर ते का विचारतात, हेही आपण विचारले पाहिजे.

आबा आता भाकरी खातात. मागच्या महिन्यात भावकीतल्या एका म्हाताऱ्याचे पोटाचे ऑपरेशन झाले, तेव्हा ते मुद्दाम एस.टी.ने त्याला भेटायला गेले. खाटेजवळ बसून म्हणाले, "हे बघ, सकाळी एक पोरगा येऊन इचारंल. लाजू नगंस. सरला तर सरला म्हन, न्हाई तर न्हाई म्हन."